मार्थेची चूल : ‘स्मृतिचित्रे’चे एक पुनर्वाचन

काही वर्षांपूर्वी खानदेशात असताना मुक्ताईनगर येथील एका कॅथलिक कुटुंबात मिस्सा अर्पण करण्याचा योग आम्हांस आला. जुलै महिन्यातील रविवार होता. घरची माता परिचारिका. रात्रपाळी आटोपून ती सकाळीच घरी परतली होती. तीन जणांचा स्वयंपाक करायचा, असे तिला कळविण्यात आले होते. प्रत्यक्षात आम्ही आपल्यासोबत दोन ब्रदर आणि वाटेत भेटलेले दोघे तरुण असे आणखी चौघे आणले, आणि त्याची आगाऊ वर्दी देणे आम्हांस सुचले नाही. त्या रविवारचे शुभवर्तमान बेथानी येथील मार्था आणि मरिया यांचे होते. आम्ही पुढच्या खोलीत मरियेने निवडलेल्या चांगल्या वाट्याविषयी वीस मिनिटे प्रवचन केले. ती माता त्या वीस मिनिटांत स्वयंपाकघरात बट्टीसाठी दुसऱ्यांदा कणीक मळत होती. ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापुरती ती बाहेर आली, पदराला हात पुसले, आणि पुन्हा आत गेली.

जेवणे झाल्यावर ताटे उचलताना ती हसत म्हणाली, “फादर, मार्था त्या दिवशी खरंच बाहेर येऊन बसली असती, तर प्रभूला जेवायला किती वाजले असते?”

सगळे हसले. आम्हीही हसलो. उत्तर मात्र दिले नाही, कारण ते आमच्यापाशी नव्हते. आमच्या ताटातील बट्टी तेवढी संपलेली होती.

त्या प्रश्नाने आम्हांस एका जुन्या, ओळखीच्या पुस्तकाकडे परत नेले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्ही प्रथम सेमिनरीत असताना वाचली होती. त्या काळी ती आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराची आणि दानशूरपणाची कहाणी वाटली. मुक्ताईनगरहून परतल्यावर आम्ही ती पुन्हा वाचली, तेव्हा ती वेगळीच दिसू लागली. ज्या घरात पाहुणा कधी येईल, किती जणांना घेऊन येईल आणि किती दिवस राहील याचा नेम नाही, त्या घरातील चुलीपुढून लिहिलेले हे आत्मचरित्र आहे. आतिथ्यावर मराठीत उपदेशपर लेखन विपुल झाले. आतिथ्याची किंमत चुकविणाऱ्या हाताने लिहिलेले पुस्तक मात्र विरळाच, आणि त्यांत आमच्या मते याचे स्थान पहिले आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. नाशिकजवळील जलालपूर येथील गोखल्यांची ही मनकर्णिका अकराव्या वर्षी टिळकांच्या घरात आली. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे ती नातलगांच्या आधाराने वेगळी राहिली. पुढे ती पतीकडे परतली आणि १९०० साली तिनेही ख्रिस्ती दीक्षा घेतली. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, आणि १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई प्रभुवासी झाल्या. शाळेत जाऊन शिकलेली ही बाई नव्हे. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. लक्ष्मीबाई आपल्या ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, प्रॉटेस्टंट पंथाच्या होत्या. परंतु मराठी ख्रिस्ती घर आतून कसे असते, हे मराठी साहित्यास त्यांनी जसे दाखविले तसे दुसऱ्या कोणी दाखविले नाही. तो वारसा आपणा सर्वांचा आहे.

या पुस्तकाचा आरंभ आमच्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण अर्थपूर्ण आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले होते. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात घ्यायचा नाही, ही त्यांची रीत. त्या धुण्यातून जी वस्तू धुता येत नाही तीही सुटत नसे. लेखिका हे सारे गमतीने सांगते आणि वाचक हसत सुटतो. पण त्या घराचे चित्र नीट पाहावे. तेथे स्वयंपाकघर म्हणजे तट आहे. जग बाहेर ठेवण्यासाठी तेथे स्त्रियांनी राबायचे आहे. घर अत्यंत स्वच्छ आहे, आणि त्या स्वच्छतेने ते बंद झालेले आहे.

येथून पुस्तकाचा प्रवास सुरू होतो. पतीकडे परतल्यावरही काही काळ लक्ष्मीबाईंची चूल निराळीच होती. पती ख्रिस्ती, पत्नी सोवळ्यात, एका संसारात दोन स्वयंपाक. हे दिवस लेखिकेने झाकून ठेवलेले नाहीत, सजवूनही सांगितलेले नाहीत. मग हळूहळू विचार पालटतो. जातीची उतरंड देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे, असे मनाने घेतल्यावर तिच्या हातचे आणि परक्याच्या हातचे हा भेद गळून पडतो. आमच्या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’तील सर्वांत मोठी घटना ही आहे. धर्मांतर येथे आधी स्वयंपाकघरात झाले, पाण्याचा विधी त्यानंतर आला. ज्या मुलीच्या बालपणी मीठसुद्धा संशयाने पाहिले जात होते, तिच्याच घरात पुढे अनाथ मुले वाढली, आणि कोणाचे कोण हे विचारण्याचे कारण उरले नाही. बंद चुलीपासून उघड्या चुलीपर्यंतची ही वाट आहे. आतिथ्य हा स्वभावाचा गोडवा नसून मनाचे परिवर्तन आहे, हे इतक्या साध्या रीतीने दुसरीकडे कोठे सांगितलेले आम्हांस ठाऊक नाही.

आता दुसरी बाजू. टिळक थोर कवी होते, थोर भक्त होते आणि मनाने अत्यंत उदार होते. हाती आलेला पैसा गरजवंताच्या हाती जाई. भेटलेला माणूस घरी येई. आपल्या मासिकांतून, प्रवचनांतून या औदार्याचे गोडवे गायिले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु लक्ष्मीबाईंचे पुस्तक जमाखर्चाच्या वहीप्रमाणे वाचले, तर एक गोष्ट ध्यानात येते. दान पतीच्या नावे जमा होते आणि खर्च पत्नीच्या नावे पडतो. टिळकांनी पाहुणा आणला हे एक वाक्य. त्या वाक्यामागे पीठ आहे, सरपण आहे, पाणी आहे, अंथरूण आहे, उद्याच्या सकाळची चिंता आहे. ही सारी वाक्ये मराठी चरित्रग्रंथांत सहसा लिहिली जात नाहीत. लक्ष्मीबाईंनी ती लिहिली.

त्यांनी ती कशी लिहिली, याची चर्चा समीक्षकांनी पुष्कळ केली आहे. निर्मळ विनोद, लहान वाक्ये, बोलीचा सहज सूर आणि स्वतःवर हसण्याची तयारी या गुणांविषयी दुमत नाही. आमचे एक म्हणणे मात्र नम्रपणे नोंदवावेसे वाटते. या विनोदाने वाचकाची सोय फार झाली आहे. ज्या प्रसंगात घरात दाणा नाही आणि घरधनी निघून गेलेला आहे, तो प्रसंगही लेखिका अशा खुबीने सांगते की आपण हसून पान उलटतो. दुःख सोसणाऱ्या बाईने स्वतः हसावे, हा तिचा मोठेपणा. त्या हसण्याचा आधार घेऊन आपण दुःखाकडे पाहू नये, हा आपला खुजेपणा. हा दोष लेखिकेचा म्हणावा की वाचकाचा? दोघांचाही थोडा आहे, असे आम्हांस वाटते. काही ठिकाणी त्यांनी विनोद आवरता घेतला असता, तर आमच्यासारख्या वाचकांना इतके सहज सुटता आले नसते. मुक्ताईनगरच्या त्या मातेनेही आपला प्रश्न हसतच विचारला होता, आणि आम्ही त्या हसण्याच्या आडोशाने निसटलो होतो.

तुलनेसाठी खानदेशच्याच बहिणाबाई चौधरींकडे पाहावे. जळगावजवळील आसोद्याच्या या कवयित्रीचा काळ १८८० ते १९५१, आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली ती १९५२ साली. त्यांना अक्षरओळखही नव्हती. लक्ष्मीबाई संसाराची गोष्ट सांगतात, बहिणाबाई संसाराचा अर्थ सांगतात. त्यांच्या कवितेत तव्याचा चटका आधी आहे, भाकर नंतर. तो चटका त्या लपवीत नाहीत आणि त्याचे भांडवलही करीत नाहीत. लक्ष्मीबाई जेथे हसून पुढे जातात, तेथे बहिणाबाई थांबतात आणि जात्यापुढे बसून विचार करतात. या दोन पुस्तकांपैकी एकच वाचणाऱ्याला मराठी गृहिणी अर्धीच कळेल.

आणि मुक्ताईनगरचे नाव ज्या मुक्ताईवरून पडले, तिची कथाही चुलीचीच आहे. परंपरा सांगते की, समाजाने वाळीत टाकलेल्या या भावंडांना मांडे भाजण्यासाठी कुंभाराकडून खापर मिळू दिले गेले नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापविली आणि मुक्ताईने तीवर मांडे भाजले. ऐतिहासिक सत्य म्हणून या कथेकडे पाहण्याचे कारण नाही. पण लोकमानसाने काय जपले हे पाहण्यासारखे आहे. बहिष्काराचा घाव प्रथम स्वयंपाकघरावर पडतो, हे लोकांस ठाऊक होते. आणि बहिणीच्या स्वयंपाकात भावाने आपली पाठ दिली, हेही लोकांनी विसरू दिले नाही. खापरावरचे मांडे आजही खानदेशात पाहुण्यासाठी होतात. हातावर पुरणाचा उंडा झेलत त्याचा रुमालाएवढा विस्तार करणे हे एकटीचे काम नव्हे. एकीने पुरण भरावे, दुसरीने मांडा हातावर फिरवावा, तिसरीने खापराखालचा जाळ सांभाळावा, तेव्हा पंगत उठते.

आता आपण पवित्र शास्त्राकडे येऊ, कारण प्रश्न तेथून निघाला होता. संत लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाचा हा उतारा आम्ही आजवर फार ढिलेपणाने वाचीत आलो, हे कबूल केले पाहिजे. प्रभूने मार्थेला सेवेबद्दल दोष दिलेला नाही. तिची चिंता आणि तिची तगमग यांबद्दल तो बोलतो, आणि तिला दोनदा नावाने हाक मारून बोलतो. याच मार्थेची गाठ संत योहानच्या शुभवर्तमानात दोनदा पडते. अकराव्या अध्यायात भावाच्या कबरीच्या वाटेवर ती येशूला ख्रिस्त, देवाचा पुत्र म्हणून ओळखते. ही श्रद्धेची कबुली पेत्राच्या कबुलीच्या तोडीची आहे. बाराव्या अध्यायात, वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, ती पुन्हा वाढते आहे, आणि या वेळी कोणी तिला काही म्हणत नाही. चूल तीच आहे, तगमग गेली आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस उशिरा दिसली. तीन वर्षांच्या वाचनचक्रातील तिसऱ्या वर्षी सोळाव्या सामान्य रविवारी मार्थेच्या शुभवर्तमानासोबत पहिले वाचन उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातील असते. २०२५ साली तो रविवार २० जुलैला आला. अब्राहाम तीन परक्यांना पाहून धावत जातो, पाणी आणवितो, वासरू निवडतो, आणि जेवण होईपर्यंत झाडाखाली त्यांच्यापाशी उभा राहतो. कणीक सारा मळते. पण अब्राहाम बसून राहत नाही. यजमान स्वतः धावपळ करतो, चाकर धावपळ करतो, पत्नी धावपळ करते, तेव्हा देवाचे आतिथ्य घडते. हे वाचन आणि मार्थेचे वाचन एकाच दिवशी ठेवण्यात ख्रिस्तसभेचे शहाणपण आहे. आम्ही मात्र दुसऱ्यावरच प्रवचन करीत आलो.

नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी पत्नीचे स्तवनही असेच. विवाहाच्या मिस्सात आणि मातासंघाच्या मेळाव्यात आम्ही ते हमखास वापरतो. ती पहाटे उठते, सूत काढते, शेत विकत घेते, दुबळ्यांना हात देते. हे ऐकून आपल्या धर्मग्रामातील नोकरी करणारी माता मान खाली घालते, कारण तिला वाटते आपण उणे पडलो. पण बावीस कडव्यांच्या या रचनेत पंधराव्या वचनात त्या गृहिणीच्या दासींचा उल्लेख आहे. तिच्या हाताखाली माणसे होती! पहिल्या वर्षी तेहतिसाव्या सामान्य रविवारी हा उतारा वाचला जातो, तेव्हा जी वचने निवडली आहेत त्यांत हे वचन येत नाही. ऐकणारीला त्या दासी दिसतच नाहीत, आणि साऱ्या घराचा भार एकटीने उचलणारी एक अचाट स्त्री तेवढी दिसते. अर्धा उतारा वाचून पूर्ण आदर्शाची अपेक्षा करणे हे टीकाशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे, आणि पाळकाच्या दृष्टीने अन्याय आहे.

ख्रिस्तसभेच्या परंपरेत याविषयी अधिक समंजस आवाज आहेत. संत बेनेडिक्ट आपल्या नियमावलीच्या त्रेपन्नाव्या अध्यायात पाहुण्याचे स्वागत ख्रिस्ताचे म्हणून करावे असे सांगतात. हे आम्हां सर्वांस पाठ असते. त्याच अध्यायात पुढे ते पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी दोन बंधू वर्षभर नेमावेत, आणि त्यांना कुरकुरीविना सेवा करता यावी म्हणून गरजेप्रमाणे मदतनीस द्यावेत, असेही सांगतात. हे आम्हांस कोणी पाठ करविले नाही. आदर्श आणि मनुष्यबळ या दोहोंची तरतूद त्यांनी एकाच अध्यायात केली. अविलाच्या संत तेरेझाही म्हणतात की, प्रभूला घरी ठेवून घ्यायचे तर मार्था आणि मरिया दोघी एकत्र हव्यात. पायांपाशी बसलेली मरिया बहिणीच्या मदतीवाचून त्याला खाऊ काय घालणार होती? मुक्ताईनगरच्या परिचारिकेचा प्रश्न सोळाव्या शतकात एका संत स्त्रीने विचारून ठेवला होता. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात २९ जुलैचा स्मृतिदिन केवळ मार्थेचा न राहता मार्था, मरिया आणि लाजरस या तिघांचा झाला. आम्हांस यात एक गोड सूचना दिसते. त्या घरात लाजरसही होता. त्या दिवशी तो काय करीत होता, हे संत लूक सांगत नाहीत.

हा प्रश्न केवळ जुन्या ग्रंथांचा नाही. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रियांची मिनिटे २८९ झाली. पुरुषांचीही घटून ८८ झाली. ज्या घरी स्त्री नोकरीवर जाते, तेथेही चूल बहुधा तिचीच असते. आपल्या कुटुंबांत याहून वेगळे आहे, असे आम्ही घरभेटींच्या अनुभवावरून म्हणू शकत नाही.

मग आतिथ्य सोडावे काय? लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचून तसे कोणी म्हणणार नाही. उघड्या चुलीचे मोल त्यांनी दाखविले आहे. तिचा भार कसा वाटावा, हे त्यांच्या काळाने त्यांना शिकविले नाही. ते आपण शिकायचे आहे. कोथळीहून मुक्ताईची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते, तेव्हा वाटेवरची गावे वारकऱ्यांना जेवू घालतात. तेथे पिठले-भाकरी एका घरची नसते, गावची असते. म्हणून ते आतिथ्य पिढ्यान्पिढ्या टिकते. खानदेशातील जुन्या बायका उन्हाळ्यात चार घरे मिळून बिबडे, कुरडया, पापड करून ठेवीत, तेही याच शहाणपणाने. पावसाळ्यात अवचित पाहुणा आला तरी डबा उघडला की पहिली दहा मिनिटे निभावत, आणि तेवढ्यात वरणाला उकळी येई. पक्वान्ने चार नसली तरी चालतात. घरात जे शिजले त्यातच एक वाटी वाढवावी, आणि पाहुण्याने ते घरच्यासारखे खावे. वाढायला घरधन्याने उठावे, पाणी मुलांनी द्यावे, ताटे पाहुण्यांनी उचलावीत. घरातील मिस्सा घरची माता येऊन बसल्याखेरीज सुरू होऊ नये.

हे सारे लिहिताना आमच्याच झग्यावर पिठाचा डाग आहे, याची आम्हांस जाणीव आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली कुटुंबाला जणू घरातील ख्रिस्तसभा म्हटले. आम्ही धर्मगुरूंनी त्या ख्रिस्तसभेत अनेकदा फक्त पाहुणा म्हणून प्रवेश केला, आणि तोही वर्दी न देता. पुनरुत्थित प्रभूने मात्र तिबिर्याच्या किनाऱ्यावर स्वतः विस्तव पेटवून मासळी भाजली, भाकर मांडली, आणि रात्रभर राबून आलेल्यांना न्याहारीला बोलाविले. तोही रात्रपाळीवरून परतणाऱ्यांसाठीच रांधीत होता.

पुढे एकदा त्या घरी जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा आम्ही आठ दिवस आधी निरोप धाडला, माणसे मोजून सांगितली आणि सोबत भुसावळहून केळी नेली. खानदेशात केळी नेणे म्हणजे समुद्राला मीठ नेणे होय, असे म्हणून ती माता पुन्हा हसली. त्या दिवशी बट्ट्या तिच्या पतीने तळल्या. काही करपल्या होत्या. मिस्साच्या वेळी ती पहिल्या ओळीत बसली होती, आणि प्रवचन चालू असताना तिला डुलकी लागली. आम्ही आवाज थोडा खाली आणला आणि प्रवचन लवकर आटोपले.